इंजिनच नाही, मग आवाज कुठून? फ्युचरिस्टिक रेसिंग गेमपासून चाकणच्या इलेक्ट्रिक गाडीपर्यंत

रेसिंग गेम खेळताना फोनचा आवाज पूर्ण बंद करून कधी बघितलंय? आज रात्री बघा. ग्राफिक्स तेच, ट्रॅक तोच, स्पीडचा आकडाही तोच. पण गाडी हळू झाल्यासारखी वाटते आणि वळणावर ब्रेक कधी मारायचा याचा अंदाज चुकायला लागतो. कारण गेममधला वेग आपण अर्धा डोळ्यांनी बघतो आणि अर्धा कानांनी ऐकतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. चिखलीत राहतो, कामाला तळवड्याला जातो आणि सुट्टीच्या दिवशी घरी बसून एक छोटा रेसिंग गेम बनवतो. त्यातल्या गाड्या हवेत तरंगतात, त्यांना चाकं नाहीत आणि इंजिनही नाही. अशा गाडीला कोणता आवाज द्यायचा, यावर माझे चार महिने गेले. त्याच काळात एका संध्याकाळी माझी इलेक्ट्रिक स्कूटर माझ्याच पप्पांना धडकता धडकता राहिली. त्यांना ती ऐकूच आली नव्हती. गेममधला प्रश्न आणि गल्लीतला प्रश्न एकच आहे, हे मला तेव्हा कळलं. ज्या गाडीला इंजिन नाही, तिचा वेग कानाला कळवायचा कसा?

या लेखात तेच बघूया.

## आधी साध्या इंजिनाचं गणित

पेट्रोल गाडीचा आवाज म्हणजे फुकट मिळालेलं स्पीडोमीटर. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांमागे एकदा इंधन पेटतं. त्यामुळे गणित सोपं आहे:

सेकंदाला किती वेळा इंधन पेटतं = (आरपीएम ÷ ६०) × (सिलिंडर ÷ २)

एका सिलिंडरची बाइक ६,००० आरपीएमवर असेल तर हा आकडा येतो ५०. म्हणजे आवाजाचा मूळ स्वर ५० हर्ट्झ. तेवढ्याच आरपीएमवर चार सिलिंडरची कार २०० हर्ट्झचा स्वर देते. ॲक्सिलरेटर पिळला की स्वर चढतो, गिअर टाकला की एकदम खाली येतो आणि पुन्हा चढतो. रस्त्याकडे पाठ असली तरी मागून येणारी गाडी वेग वाढवतेय की कमी करतेय, हे आपल्याला यावरूनच कळतं.

खऱ्या गाड्या असलेल्या गेममध्ये हेच रेकॉर्ड करून वापरतात. गाडीला रोलरवर उभं करून वेगवेगळ्या आरपीएमवर आवाज रेकॉर्ड करायचा, प्रत्येकाचा सलग वाजणारा तुकडा, म्हणजे लूप, बनवायचा आणि खेळाडूच्या वेगाप्रमाणे एका लूपमधून दुसऱ्यात अलगद सरकायचं. मधल्या आरपीएमसाठी लूपचा स्वर थोडा वर-खाली करायचा. झालं काम.

पण २०९७ सालच्या तरंगत्या गाडीचं रेकॉर्डिंग आणायचं कुठून?

## तरंगत्या गाडीचा आवाज कसा बनवतात?

या प्रकारच्या गेमची सुरुवात बघायची तर निन्टेन्डोचा 'एफ-झिरो' घ्यावा लागतो. हा १९९० साली सुपर फॅमिकॉम या कन्सोलवर आला. त्या कन्सोलची आवाजाची चिप सोनीने बनवलेली होती. एका वेळी आठ आवाज वाजवायची आणि आवाजासाठी मेमरी होती फक्त ६४ केबी. हे किती कमी आहे? सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज सेकंदाला सुमारे १७६ केबी जागा खातो. म्हणजे ६४ केबीमध्ये असा आवाज अर्धा सेकंदसुद्धा मावत नाही. तेवढ्या जागेत ड्रम, गिटार, गाडीची घरघर आणि धडकेचा आवाज, सगळं बसवायचं होतं. म्हणून वाद्याचा एक छोटासा तुकडा साठवायचा आणि त्याचाच स्वर बदलून अख्खी धून वाजवायची, अशी पद्धत होती.

आज जागेची अडचण नाही, पण पद्धत तीच आहे. गाडीचा आवाज एकसंध नसतो, थरांचा असतो:

- खालचा थर: जड घरघर. गाडी वजनदार आहे असं वाटायला लावणारी.
- मधला थर: वेगाबरोबर चढणारा स्वर. खरा स्पीडोमीटर हा.
- वरचा थर: बारीक शिट्टीसारखा आवाज, वारा, विजेची चरचर. 'भविष्य' वाटतं ते यामुळे.
- प्रसंगाचे आवाज: बूस्ट, भिंतीला घासणं, लँडिंग.

गंमत म्हणजे भविष्यातले हे आवाज बहुतेक वेळा अगदी जुन्या वस्तूंपासून बनतात. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये बेन बर्ट यांनी टाय फायटर या यानाचा आवाज हत्तीचा चीत्कार आणि ओल्या रस्त्यावरून जाणारी कार एकत्र करून बनवला होता. आपण तो ऐकतो तेव्हा हत्ती आठवत नाही, पण कुठलातरी मोठा जीव अंगावर येतोय असं मात्र वाटतं. पूर्णपणे संगणकावर बनवलेल्या स्वरात हा जिवंतपणा आणणं अवघड जातं.

मी हेच चिखलीत केलं. पिठाच्या गिरणीची घरघर झाली खालचा थर. ओळखीच्या वर्कशॉपमधला हँड ग्राइंडर चालू होताना 'ऊंऽऽईं' करत चढतो, तो वरचा थर. आणि बूस्टसाठी प्रेशर कुकरची वाफ, थोडी संथ करून. फोन रुमालात गुंडाळला म्हणजे पंख्याचा वारा माइकवर येत नाही. महागडा माइक मी घेतलेला नाही.

मग कोडमध्ये एक ओळ:

स्वराचं प्रमाण = ०.६ + १.२ × (सध्याचा वेग ÷ कमाल वेग)

म्हणजे गाडी थांबलेली असताना लूप मूळ स्वराच्या ०.६ पट वाजतो आणि पूर्ण वेगात १.८ पट. गोडो, युनिटी या दोन्ही गेम इंजिनमध्ये आवाजाला स्वराचं प्रमाण द्यायची सोय असते, त्यात हा आकडा टाकायचा. एक काळजी घ्या: वेग झटकन बदलला तरी आवाज झटकन बदलू देऊ नका. दर फ्रेमला थोडा थोडा सरकवा. नाहीतर कानाला खटके ऐकू येतात.

## संगीताचं काम काय?

१९९५ मध्ये युरोपात प्लेस्टेशन आलं, त्यासोबत 'वाइपआउट' हा गेम आला आणि रेसिंग गेममधल्या संगीताची चाल बदलली. त्याचं संगीत टिम राइट यांनी 'कोल्ड स्टोरेज' या नावाने केलं होतं. युरोपातल्या आवृत्तीत लेफ्टफिल्ड, केमिकल ब्रदर्स आणि ऑर्बिटल या त्या वेळच्या इलेक्ट्रॉनिक कलाकारांचे ट्रॅकही होते. संगीत गेमच्या डिस्कवर साध्या ऑडिओ सीडीसारखंच साठवलेलं होतं. डिस्क घरच्या सीडी प्लेअरमध्ये टाकली तर गाणी वाजायची!

टेक्नोच का निवडलं? एक कारण म्हणजे ठेका. एकसारखा, न थांबणारा ठेका असला की मेंदू पुढच्या ठोक्याची वाट बघत राहतो आणि हालचालीही त्या लयीत बसायला लागतात. लेझीम खेळताना ढोलाने लय वाढवली की पाय आपोआप वाढतात, तसंच. दुसरं कारण, या संगीतात शब्द कमी असतात, त्यामुळे लक्ष ट्रॅकवर राहतं.

आताच्या गेममध्ये संगीतही थरांचं असतं. तुम्ही मागे असाल तर फक्त बास आणि ड्रम. पुढे सरकलात की वरची धून येते. शेवटच्या फेरीत सगळे थर एकदम. गाणं तेच असतं, खेळाप्रमाणे त्याचे थर उघड-बंद होतात. आणि धोक्याची सूचना वाजते तेव्हा संगीत क्षणभर दबतं. लग्नात निवेदक बोलायला लागला की डीजेवाला आवाज खाली घेतो ना, ते काम इथे कोड करतो.

## वेगाचा भास: दोन युक्त्या

पहिली, डॉपलर. साने चौकात ॲम्ब्युलन्स जवळ येताना सायरन चढा वाटतो आणि पुढे गेली की उतरतो, तो हा परिणाम. आवाजाचा हवेतला वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. ताशी ६० किमीने येणाऱ्या गाडीचा स्वर सुमारे ५ टक्के वर जातो आणि पुढे गेल्यावर तेवढाच खाली येतो. गेममध्ये मात्र अडचण होते. गाडी ताशी १,००० किमीने पळत असेल तर खऱ्या सूत्राने स्वर पाचपटीच्याही वर जाईल आणि कानाला फक्त किंचाळी ऐकू येईल. ताशी १,२३५ किमीच्या आसपास तर सूत्रात शून्याने भागायची वेळ येते. म्हणून गेममध्ये डॉपलर मुद्दाम कमी ठेवतात. युनिटीत त्यासाठी 'डॉपलर लेव्हल' नावाची सेटिंगच आहे.

दुसरी, शेपर्ड टोन. गिअर नसलेल्या गाडीचा स्वर चढत गेला तर कधीतरी तो संपणार. मग पुढे काय? रॉजर शेपर्ड यांनी १९६४ मध्ये दाखवलं की एकमेकांपासून एकेका सप्तकाच्या अंतरावरचे अनेक स्वर एकत्र चढवले, वर पोचणारा हळूहळू गायब केला आणि खालून नवा आत आणला, तर स्वर कायम चढतोच आहे असा भास होतो. प्रत्यक्षात तो तिथेच फिरत असतो. 'द डार्क नाइट' चित्रपटात बॅटमॅनच्या दुचाकीच्या आवाजात ही कल्पना वापरली आहे. हेडफोन लावून ऐका, ती बाइक गिअर बदलतच नाही, नुसती चढत राहते.

## मोबाइलवर खेळताय? मग हे वाचाच

ब्लूटूथ इअरबडमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो. साध्या इअरबडमध्ये हा उशीर ०.२ सेकंदाच्या आसपास असू शकतो. गाण्याला काही फरक पडत नाही, गेमला पडतो. ताशी ६० किमीने ०.२ सेकंदात गाडी ३ मीटरच्या वर जाते. ताशी १,००० किमीच्या गेममध्ये ५५ मीटर! धडकेचा आवाज ऐकू येईपर्यंत तुम्ही पुढच्या वळणावर असता. म्हणून इअरबडमध्ये 'गेम मोड' असेल तर तो चालू करा, नाहीतर सरळ वायरचा हेडफोन वापरा.

## तीच अडचण आता रस्त्यावर

आता गेम बाजूला ठेवून आपल्या भागात येऊया. पीएमपीएमएलच्या ताफ्यात २०१९ पासून इलेक्ट्रिक बस आहेत. चिखलीच्या गल्ल्यांमध्ये इलेक्ट्रिक स्कूटर आता नवीन राहिलेली नाही. आणि महिंद्राच्या 'बीई ६' आणि 'एक्सईव्ही ९ई' या इलेक्ट्रिक एसयूव्ही २६ नोव्हेंबर २०२४ ला जगासमोर आल्या, त्या बनतात आपल्या शेजारी, चाकणला.

या गाड्या बनवणाऱ्यांसमोर तोच प्रश्न होता जो एफ-झिरो बनवणाऱ्यांसमोर होता. इंजिन नाही, मग गाडीचा आवाज कोणता? महिंद्राने आपल्या इलेक्ट्रिक एसयूव्हींच्या आवाजांसाठी संगीतकार ए. आर. रहमान यांना सोबत घेतलं. बीएमडब्ल्यूने इलेक्ट्रिक गाड्यांसाठी चित्रपट-संगीतकार हान्स झिमर यांच्यासोबत काम केलंय. ह्युंदाईची 'आयोनिक ५ एन' तर सरळ गेमच वाटते. तिच्यात तीन आवाजांतून एक निवडता येतो, त्यातला एक लढाऊ विमानासारखा आहे आणि नसलेल्या गिअरचे झटकेही सॉफ्टवेअर देतं.

गाडीच्या आतला हा आवाज मजेसाठी. बाहेरचा आवाज मात्र जीव वाचवण्यासाठी.

## एव्हास म्हणजे काय?

ताशी २०-३० किमीच्या वर गेलं की टायर आणि वाऱ्याचाच पुरेसा आवाज होतो. त्याखाली इलेक्ट्रिक गाडी जवळजवळ मुकी असते. ब्रिटनमधल्या २०१३ ते २०१७ च्या अपघातांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सारख्याच अंतराचा हिशेब केला तर पादचाऱ्याला धडक बसण्याचं प्रमाण इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या दुप्पट निघालं.

म्हणून कमी वेगात गाडीच्या बाहेर आवाज करणारी यंत्रणा बसवतात. तिचं नाव अकूस्टिक व्हेइकल अलर्टिंग सिस्टिम, थोडक्यात एव्हास. संयुक्त राष्ट्रांच्या १३८ क्रमांकाच्या नियमात तिच्या अटी आहेत:

- ताशी १० किमीला किमान ५० डेसिबल, २० किमीला किमान ५६ डेसिबल.
- रिव्हर्समध्ये किमान ४७ डेसिबल.
- पुढे जाताना ७५ डेसिबलपेक्षा जास्त नाही.
- ताशी ५ ते २० किमीच्या दरम्यान वेग १ किमीने वाढला की स्वर सरासरी किमान ०.८ टक्के चढला पाहिजे.
- आवाजातला निदान एक ठळक भाग १,६०० हर्ट्झच्या पट्ट्यात किंवा त्याखाली हवा.

चौथी अट नीट बघा. माझ्या कोडमधली तीच एक ओळ इथे कायद्यात लिहिली आहे! १५ किमीचा फरक गुणिले ०.८ म्हणजे १२ टक्के. पेटीवर 'सा' वरून शुद्ध 'रे' वर गेल्यासारखा फरक. एवढ्यावरून पादचाऱ्याला कळतं की गाडी वेग घेतेय.

युरोपात नव्या प्रकारच्या इलेक्ट्रिक गाड्यांना एव्हास जुलै २०१९ पासून आणि सगळ्या नव्या गाड्यांना जुलै २०२१ पासून सक्तीचं आहे. आपल्याकडे यासाठी एआयएस-१७३ हे मानक आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये मसुदा काढला. नवीन मॉडेलना १ ऑक्टोबर २०२६ पासून आणि आधीपासून बनत असलेल्या मॉडेलना १ ऑक्टोबर २०२७ पासून एव्हास सक्तीचं करावं, असा तो प्रस्ताव. पण तो कार, बस आणि मालवाहू गाड्यांसाठी आहे. दुचाकी त्यात नाही.

## पप्पांना स्कूटर का ऐकू आली नाही?

त्या संध्याकाळी मी गल्लीत ताशी १५ च्या आसपास होतो. पप्पा पुढे चालत होते, हातात दुधाची पिशवी. ते अचानक डेअरीच्या बाजूला वळले. मी ब्रेक दाबला, हँडल त्यांच्या कोपराला घासलं आणि पिशवी फुटली. ते चिडले नाहीत. "अरे, आलास कधी तू?" एवढंच म्हणाले. मला मात्र रात्रभर झोप नाही.

मला वाटत होतं, स्कूटरला आवाज आहे की! मोटरचा बारीक 'ईं' मला स्पष्ट ऐकू येतो. पण पप्पांनी अठ्ठावीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढलीत. कानाची तपासणी केली तेव्हा डॉक्टरांनी आलेख दाखवला. खालचे स्वर ठीक, ४,००० हर्ट्झच्या आसपास आलेख दरीसारखा खाली. सतत मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाचं ऐकणं नेमकं तिथूनच, ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यातून, जायला सुरुवात होते. आपल्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. कानात घालायचे प्लग त्या काळी किती जण घालत होते, हे भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कुठल्याही घरात विचारा. वय वाढलं तरी आधी वरचेच स्वर जातात.

म्हणजे मला ऐकू येणारी मोटर त्यांच्यासाठी नव्हतीच. नियमातली १,६०० हर्ट्झची अट कुणासाठी आहे, ते मला तेव्हा समजलं.

मग मी एक प्रयोग केला. गेम चालू करून फोन पप्पांच्या हातात दिला, डोळे मिटायला सांगितले आणि विचारलं, गाडी पळतेय की थांबतेय? आठपैकी तीनच वेळा त्यांनी बरोबर सांगितलं. माझ्या गेममध्ये वेगाची सगळी माहिती वरच्या थरात, त्या ग्राइंडरच्या आवाजात होती. खालची गिरणी एकाच सुरात घरघरत होती. मी चढणारा स्वर ४०० ते १,५०० हर्ट्झच्या मध्ये आणला. पुन्हा विचारलं. आठपैकी सात!

याचा एक फायदा सगळ्यांनाच झाला. फोनचा छोटा स्पीकर खर्जातले स्वर नीट वाजवू शकत नाही, त्यामुळे मधल्या पट्ट्यातला स्वर इअरबडशिवायही स्पष्ट ऐकू येतो.

## नेहमीचे प्रश्न

मी माझ्या स्कूटरला स्वतः स्पीकर लावू का?
नको. गाडीत परस्पर बदल केला तर वॉरंटीपासून नियमांपर्यंत सगळीकडे अडचण येऊ शकते. गल्लीत वेग कमी ठेवा, पाठमोऱ्या माणसाच्या मागे लांबूनच हलका हॉर्न द्या आणि त्याने वळून बघितल्याशिवाय पुढे काढू नका.

गेमचा आवाज किती ठेवावा?
जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतील. ९० डेसिबलला फक्त ४ तास. बऱ्याच फोनमध्ये हेडफोनच्या आवाजाची सूचना देणारी सेटिंग असते, ती बंद करू नका. प्रेस शॉपमध्ये जे अठ्ठावीस वर्षांत होतं, ते इअरबडने त्याआधीही होऊ शकतं.

गेमसाठी आवाज बनवायला सुरुवात कशी करू?
फोनवर घरातले दहा आवाज रेकॉर्ड करा: मिक्सर, कूलर, शिलाई मशीन, पंप. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, एकेक आवाज संथ आणि जलद करून ऐका. मिक्सर अर्ध्या वेगात ऐकला की तुम्हाला तुमचं पहिलं यान सापडेल.

## थोडक्यात

इंजिन नसलेल्या गाडीला आवाज द्यायचा म्हणजे तिचा वेग दुसऱ्याच्या कानापर्यंत पोचवायचा. गेममध्ये तो खेळाडूचा कान असतो, रस्त्यावर पाठ करून चालणाऱ्या माणसाचा. आवाज तयार झाला की तो आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला ऐकवा. त्यांना डोळे मिटून वेग कळला, तर तो आवाज जमला.